‘एवढं जड औषध आत्ताच कशाला?’ : एमएस, नवे उपचार आणि एका वडिलांचा प्रश्न

प्रश्न चिंचवडच्या एका गृहस्थांचा आहे. मुलगी २७ वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. मार्चमध्ये तिला उजव्या डोळ्यानं धूसर दिसू लागलं, डोळा फिरवला की आत खोल दुखायचं. पाच दिवस स्टिरॉइडची सलाईन लावली, तीन आठवड्यांत नजर परत आली. एमआरआयमध्ये मेंदूत सात-आठ डाग निघाले, मानेच्या मज्जारज्जूत एक छोटा. न्यूरॉलॉजिस्टनी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान केलं आणि रिटुक्सिमॅब सुरू करू म्हणाले. वडील विचारतात, पोर आता ठणठणीत आहे, स्कूटर चालवते, ऑफिसला जाते. कॅन्सरला देतात ते औषध आत्ताच कशाला? एक नवी गोळी येतेय असं वाचलं, तोवर थांबलं तर चालेल का? आणि तिच्या लग्नाचं कसं करायचं?

आधी उत्तर देते, मग कारणं. गोळीसाठी थांबू नका. पण रिटुक्सिमॅबची पहिली बाटली लागण्याआधी निदान खरंच एमएसचंच आहे ना, हे एकदा पक्कं करून घ्या. पंचवीस-सव्वीस वर्षं कोथरूडमध्ये एमएसच्या रुग्णांवर उपचार करते आहे. या काळात औषधं बदलली, मशिनं बदलली, पण माझ्या हातून झालेल्या मोठ्या चुका याच दोन ठिकाणच्या आहेत: उशीर केला तिथे, आणि नाव चुकीचं दिलं तिथे.

‘ठणठणीत आहे’ हा शब्द आधी घेऊ. सलाईन लावल्यामुळे नजर आली असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज बहुतेकांची आपोआप उतरते. स्टिरॉइडनं ती लवकर उतरते इतकंच. १९९२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हे दिसलं होतं आणि आजही ते तितकंच खरं आहे. म्हणजे सलाईननं अटॅक आवरला, आजाराला हात लागलेला नाही. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते. डोळ्याचा, हाताचा, चालण्याचा त्रास झाला तरच आपल्याला ते कळतं. पण रुग्णाला जाणवलेल्या एका अटॅकमागे एमआरआयवर साधारण पाच ते दहा नवे डाग उमटून गेलेले असतात. तुमच्या मुलीच्या मेंदूतले सात-आठ डाग मार्चमध्ये एकाच रात्री आलेले नाहीत. ती दिवाळीत फराळ करत होती, ट्रेकला जात होती, तेव्हाही काम चालूच होतं.

तिला एक साधी गोष्ट करायला सांगा. कुंकवाचा करंडा किंवा पाण्याच्या बाटलीचं लाल टोपण समोर धरायचं, एकदा डावा डोळा झाकायचा, एकदा उजवा. माझ्याकडे आलेली एक मुलगी म्हणाली होती, ‘मॅडम, या डोळ्याला लाल आहे, त्या डोळ्याला विटकरी.’ तक्त्यावरची शेवटची ओळ ती दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचत होती. नजर ‘परत आली’ म्हणतो तेव्हाही असा विटकरीपणा मागे राहतो. तो म्हणजे कायमचे गेलेले तंतू. आजच्या एकाही औषधानं ते परत येत नाहीत. ‘आत्ताच कशाला’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं अर्धं औषधांच्या इतिहासात आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं चित्र नीट मांडलं. त्यानंतर सव्वाशे वर्षं डॉक्टरांच्या हातात अटॅकपुरतं स्टिरॉइड आणि धीराचे चार शब्द, याहून फारसं काही नव्हतं. १९९३ला इंटरफेरॉन बीटा आलं, १९९६ला ग्लॅटिरामर. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा हीच दोन. रोज, दिवसाआड किंवा आठवड्याला टोचायची, अंग मोडून यायचं, आणि अटॅक साधारण एक तृतीयांशानं कमी व्हायचे. खर्च इतका, की दर वाढले की माणसं गुपचूप दोन-दोन महिने इंजेक्शन चुकवायची आणि मला सांगायची नाहीत. २०१०ला फिंगोलिमॉड ही पहिली गोळी आली. त्याआधी नॅटॅलिझुमॅबनं सगळ्यांना धडा दिला होता. २००४ला मंजुरी, मेंदूत जेसी विषाणूचा जीवघेणा संसर्ग दिसल्यावर २००५मध्ये बाजारातून बाहेर, आणि २००६मध्ये कडक अटींवर पुन्हा आत. त्यावरून आम्ही एक नियम बांधला होता: आधी हलकं औषध द्या, बिघडलं तर जड द्या. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं.

हा नियम आता बदलला आहे. स्वीडन आणि डेन्मार्क शेजारी-शेजारी, लोक सारखे, आरोग्यव्यवस्था जवळजवळ सारखी. स्वीडनमध्ये दर तीन रुग्णांमागे एकाला सुरुवातीलाच जोरदार औषध दिलं जायचं. डेन्मार्कमध्ये शंभरातल्या सात-आठ जणांनाच. २०२१ साली दोन्ही देशांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर अपंगत्व वाढण्याचं प्रमाण स्वीडनमध्ये २९ टक्क्यांनी कमी निघालं. नोंदींचा अभ्यास म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हे मान्य. पण माझ्या कपाटातल्या जुन्या फायली उघडल्या की मला तेच दिसतं. २००५मध्ये ज्यांना ‘बघू या, सध्या बरं आहे ना’ म्हटलं, त्यांतले काही आज काठी घेऊन येतात. आम्ही आजाराची पावलं अटॅकवरून मोजत होतो, आणि तो अटॅकशिवायही पुढे सरकत होता.

आता रिटुक्सिमॅब. ‘कॅन्सरचं औषध’ या शब्दानं घरात सुतकी कळा येते, म्हणून जरा खोलात सांगते. हे केमोथेरपीचं औषध नाही. बी पेशी या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्याच पेशी. रक्तातल्या बी पेशींवर सीडी२० नावाची खूण असते, ती पकडून ते त्या पेशी काढून टाकतं. लिम्फोमा हा बी पेशींचाच कॅन्सर, म्हणून ते आधी तिथे वापरलं गेलं. एमएसमध्ये याच यंत्रणेतल्या टी पेशी सूत्रधार आहेत असं आम्हाला शिकवलं होतं. २००८मध्ये १०४ रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत बी पेशी काढल्यावर नवे डाग जवळपास थांबले आणि शिकवणी उलटी झाली. पण औषधाचं पेटंट संपत आलं होतं. कंपनीनं त्याच्यावर पुढची मोठी चाचणी केली नाही आणि त्याच जातीचं नवं ऑक्रेलिझुमॅब आणलं. २०१७मध्ये ते मंजूर झालं. इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅक जवळपास निम्म्यावर आले. आणि सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवरही काही परिणाम दाखवणारं ते पहिलं औषध ठरलं. मग २०२०मध्ये ऑफॅट्युमॅब आलं, महिन्यातून एकदा घरी टोचून घ्यायचं पेन. ऑक्रेलिझुमॅबचंही आता त्वचेखाली दहा मिनिटांत देता येणारं रूप परदेशात निघालं आहे.

सगळ्यांचं तत्त्व एकच: बी पेशी काढा. फरक मुख्यतः किमतीत आणि सोयीत. स्वीडिश डॉक्टरांनी हट्टानं जुनं रिटुक्सिमॅबच वापरलं, आणि २०२२मध्ये त्याची रीतसर चाचणी छापली. २०० रुग्ण, दोन वर्षं. डायमिथाइल फ्युमरेट ही एमएसची गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना अटॅक आला, रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना. जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच तीन औषधं घेतली: ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि हेच रिटुक्सिमॅब. आपल्यासाठी यातली गंमत अशी की रिटुक्सिमॅबची पहिली भारतीय आवृत्ती हैदराबादहून २००७मध्येच बाजारात आली होती. आज सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत तीन-चार कंपन्यांची मिळते. ऑक्रेलिझुमॅबचा वर्षाचा हिशोब लाखांत जातो. रिटुक्सिमॅबचा त्याच्या एका लहानशा तुकड्यात होतो. एमएसमधली ‘नवी क्रांती’ कुठे आहे असं कोणी विचारलं की मी म्हणते, आपल्याकडे ती बिलाच्या रकमेत झाली.

एक कटकट मात्र आधीच सांगून ठेवते. औषधाच्या खोक्यावर एमएसचं नाव नसतं. त्यामुळे विम्यावाले कधीकधी दावा अडवतात. माझ्या एका रुग्णाचा दावा ‘मान्यताप्राप्त वापर नाही’ म्हणून दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी पत्राला ती २०२३ची यादी जोडली, तेव्हा मंजूर झाला. तुमच्या डॉक्टरांकडून असं पत्र आधीच घेऊन ठेवा, डिस्चार्जच्या काउंटरवर वाद घालत बसू नका.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी डे-केअरमध्ये भरती. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं इंजेक्शन आणि थोडं स्टिरॉइड. मग बाटली अगदी संथ सुरू करतात. पहिल्या तासात घशात खवखवतं, कानामागे खाजतं, थोडी थंडी वाजते. सिस्टरला लगेच सांगायचं. ती थेंब थांबवते, वीस मिनिटांनी निम्म्या वेगानं पुन्हा चालू करते. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं. ‘कशाला त्रास द्यायचा’ म्हणून गप्प बसणारी माणसं मला आवडत नाहीत, हे तिला माझ्यातर्फे सांगा. दुपारी चारपर्यंत घरी. साधारण १००० मिलिग्रॅमनं सुरुवात, मग दर सहा महिन्यांनी ५००. दुसऱ्या वेळी घशाची खवखव बहुधा होतच नाही.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. बी पेशी गेल्या की संसर्गाशी लढणं थोडं कमी पडतं. काही वर्षांनी रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनं, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिनं, उतरू शकतात. म्हणून सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे. शरीरात दबा धरून बसलेला हा विषाणू या औषधानं उसळतो आणि लिव्हर निकामी करू शकतो. छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी करा. युरोपातल्या पुस्तकांत टीबीला चार ओळी असतात, आपल्याकडे चार पानं हवीत. लशी आधीच घेऊन टाका: हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, नागिणीची नवी लस. नंतर घेतलेली लस शरीर नीट ओळखत नाही, आणि जिवंत लशी तर द्यायच्याच नसतात. घाई करा असं मी म्हणतेय, पण या कामाला लागणारे तीन-चार आठवडे उशिरात धरत नाही.

आता निदान पक्कं करण्याबद्दल. हा भाग मला स्वतःला टोचणारा आहे.

२००३च्या सुमाराला सोलापूरकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. एका डोळ्याची नजर गेलेली, पाय जड. मी एमएस म्हटलं आणि इंटरफेरॉन सुरू केलं. इतिहास विचारताना त्यांचे यजमान हसत म्हणाले होते, ‘गेल्या वर्षी हिला नऊ दिवस उचकी लागली होती, माहेरचे फार आठवण काढतात.’ मीही हसले आणि ते वाक्य फायलीत लिहिलंसुद्धा नाही. सहा महिन्यांत त्यांचा दुसरा डोळा गेला. पुढे २००४मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) शोधून काढलं. ते ज्याच्या पाठी लागतं त्या प्रथिनाचं नाव लवकरच कळलं, ॲक्वापोरिन-४. एमएससारखा दिसणारा पण मुळातून वेगळा असा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार त्यावरून ओळखता येऊ लागला. दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी ही त्याची ठळक खूण आहे. आणि इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं त्या आजारात अपाय करतात. ती तपासणी आपल्याकडे मिळू लागल्यावर बाईंची केली. पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला उचकीबद्दल विचारते, आणि कोणी हसलं तर हसू देते.

म्हणून दोन रक्ततपासण्या तुमच्या फायलीत आहेत का पाहा: ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन प्रतिपिंडांच्या, ‘सेल-बेस्ड’ पद्धतीनं केलेल्या. मॉगवरून ओळखला जातो तो एमएससारखाच दिसणारा आणखी एक आजार. भारतात हे दोन्ही आजार एमएसच्या वेशात वरचेवर येतात. रिटुक्सिमॅब न्यूरोमायलायटिसलाही चालतं, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाबतीत चुकीच्या औषधानं नुकसान व्हायची भीती तुलनेनं कमी. पण पुढची वाट, म्हणजे किती वर्षं, काय टाळायचं, अटॅकला प्लाझ्मा बदलायचा का, हे सगळं नावावर ठरतं. तुम्ही लिहिलेलं चित्र, एकच डोळा, नजर चांगली परतलेली, मज्जारज्जूतला डाग लहान, हे एमएसकडेच झुकतं. न्यूरोमायलायटिसमधला डाग बहुधा तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांबलचक असतो.

उलट बाजूचीही चूक होते, आणि पुण्यात हल्ली जास्त होते. अर्धशिशीसाठी एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये ‘पांढरे ठिपके, डिमायलिनेशनची शक्यता’ असं एक वाक्य आलं, की झालं, घराचं झोपणं-जेवणं संपतं. अर्धशिशीत, रक्तदाबात, वयामुळे असे ठिपके येतात. बी-१२ची कमतरता तर आपल्या शाकाहारी घरांत घरटी एक, आणि तीही मज्जारज्जूला धरते. इथे खरोखर उपयोगी असं नवं काही आलं आहे. एमएसचे निकष, मॅकडोनल्ड यांच्या नावाचे, २००१पासून वेळोवेळी सुधारत गेले. ताजी आवृत्ती २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. एमएसचा डाग एका बारीक शिरेभोवती वाढतो. योग्य पद्धतीनं एमआरआय काढला तर पांढऱ्या डागाच्या पोटात ती शीर काळ्या रेघेसारखी दिसते, कापलेल्या पेरूत मधोमध देठाची रेघ दिसावी तशी. असे सहा डाग मिळाले की निदानाला चांगला आधार मिळतो. अर्धशिशीच्या ठिपक्यांत सहसा ती रेघ नसते. निदानासाठी डाग जिथे शोधायचे त्या जागांत डोळ्याची नस आता अधिकृतपणे पाचवी जागा म्हणून मोजली जाते. पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड्स, म्हणजे प्रतिपिंडांच्या पट्ट्या, पाहायचो, त्याला कॅप्पा लाइट चेन्स या सोप्या तपासणीचा पर्याय मिळाला. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती शिरेची रेघ जुन्याच स्कॅनवरून पाहता येऊ शकते. फक्त बारीक शिरा दाखवणारा ‘एसडब्ल्यूआय’ हा एमआरआयचा भाग काढलेला असायला हवा.

त्या नव्या गोळीकडे येते. तुम्ही वाचलं ते बहुधा टोलेब्रुटिनिबबद्दल. बीटीके हे प्रथिन अडवणाऱ्या गोळ्यांचा हा गट. त्यांचं आकर्षण असं की त्या मेंदूच्या आत शिरतात. रिटुक्सिमॅबसारखे मोठे रेणू रक्तातच काम करतात, मेंदूत फार थोडे पोचतात. मेंदूच्या आत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जुन्या डागांच्या काठावर वर्षानुवर्षं धुमसत राहतात. वरून राख, आत निखारा. अटॅक नसतानाही माणूस दर वर्षी थोडा मागे पडतो तो या निखाऱ्यामुळे, असं आता मानतात. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अटॅक थांबलेले पण चालणं हळूहळू बिघडणारे ११३१ रुग्ण घेतले होते. गोळी घेणाऱ्यांत २२.६ टक्क्यांचं अपंगत्व वाढलं, नकली गोळी घेणाऱ्यांत ३०.७ टक्क्यांचं. ज्या टप्प्यावर माझ्याकडे देण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं तिथली ही बातमी आहे. ती वाचून मला दोन रुग्णांची नावं लगेच आठवली.

पण तुमची मुलगी त्या टप्प्यावर नाही. तिचा आजार अटॅकचा आहे. अटॅकच्या आजारात याच गोळीची टेरिफ्लुनोमाइड या मवाळ गोळीशी दोन चाचण्यांत तुलना केली, आणि अटॅक कमी करण्यात ती सरस ठरली नाही. त्याच गटातलं एव्होब्रुटिनिब २०२३च्या अखेरीस असंच हरलं. शिवाय लिव्हरच्या गंभीर इजा दिसल्या. म्हणजे तुम्ही जिच्यासाठी थांबायचं म्हणता, ती तिच्या आजच्या दुखण्याला हातातल्या औषधापेक्षा कमीच पडते. वीस वर्षांनी गरज लागली तर तोवर त्या गटात दुसरं काहीतरी आलेलं असेल.

नव्या बातम्यांत एक मात्र खरी मोठी आहे, उपचाराची नाही, कारणाची. २०२२च्या जानेवारीत अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जवानांच्या वीस वर्षांच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास आला. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटीनं वाढतो. अभ्यासलेल्या ८०१ एमएस रुग्णांपैकी एक सोडून सगळ्यांना आधी तो संसर्ग झालेला होता. त्याच महिन्यात दुसऱ्या गटानं दाखवलं की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा दिसतो, आणि प्रतिपिंडं दोघांत गल्लत करतात. यावरून ‘माझ्या उष्ट्या ग्लासमुळे झालं का’ असं एका आईनं रडत विचारलं होतं. नाही हो. हा विषाणू जगातल्या बहुतेक माणसांत असतो. आपल्याकडे एका ताटात जेवणाऱ्या पोरांना तो लहानपणीच होऊन जातो. उशिरा, कॉलेजच्या वयात झाला तर धोका जास्त. भारतात एमएस कमी असण्यामागे हेही एक कारण असावं असा तर्क आहे. तो तर्कच आहे, कारण मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएस आसपासच्या लोकांपेक्षा पुष्कळ जास्त असल्याचं डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९०मध्येच दाखवलं होतं, आणि तिथे घराण्याचाही हात दिसतो.

लग्न. या प्रश्नाला मी आई-वडिलांसमोर उत्तर देत नाही, मुलीला एकटीला बसवते. तुम्हालाही तेच सुचवते. वैद्यकीय भाग एवढाच: एमएसमुळे मूल होण्यात अडचण येत नाही. आई किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, आणि हे आकडे हा आजार जास्त असलेल्या पाश्चात्त्य देशांतले. १९९८च्या फ्रेंच नेतृत्वाखालच्या अभ्यासात वर्षाला सरासरी ०.७ असलेले अटॅक गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ०.२वर आले, आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत १.२वर गेले. म्हणून आधीच नीट आखायचं. इथेही रिटुक्सिमॅब सोयीचं पडतं, कारण त्याचा परिणाम औषध शरीरातून गेल्यावरही महिनोनमहिने टिकतो. डोस द्यायचा, काही महिने थांबायचं, मग मूल. टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमॉड मात्र गर्भाला घातक. ती ‘गोळीच बरी’ म्हणणाऱ्या तरुण मुलींना मी हात आखडूनच देते. स्थळाला सांगायचं की नाही? सांगायचं. मी आजवर लपवलेलं एकही लग्न सुखानं चाललेलं पाहिलं नाही, पण हे माझं मत म्हणून घ्या.

आता घरात येणाऱ्या सल्ल्यांबद्दल थोडं. गुळवेल घेऊन ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं कोणीतरी सांगेलच. याच शक्तीनं घोटाळा केलाय, तिला आणखी खुराक कशाला? शिवाय गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये छापल्या आहेत. पंचकर्मातलं स्वेदन नको. उष्णतेनं जुने डाग तात्पुरते बोलू लागतात. कढत पाण्यानं आंघोळ झाल्यावर किंवा एप्रिलच्या दुपारी सिग्नलला उभं राहिल्यावर तिचा उजवा डोळा पुन्हा मंदावेल आणि ती घाबरून तुम्हाला फोन करेल. पंख्याखाली बसवा, गार पाणी प्यायला द्या, तासाभरात ठीक होईल. याला अटॅक म्हणत नाहीत. तापात किंवा लघवीच्या संसर्गातही असंच होतं, आणि स्टिरॉइड देण्याआधी लघवी तपासायची असते. नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त, ताप नसताना टिकलं तर फोन करा.

व्हिटॅमिन डी घ्यावं. २०२५मध्ये फ्रान्समधल्या ३१६ रुग्णांच्या चाचणीत पंधरा दिवसांतून एकदा एक लाख युनिट घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांत आजार सक्रिय झाला, न घेणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांत. पहिल्या अटॅकनंतर लगेच सुरू केलेलं, हे ध्यानात घ्या. आधीच्या काही चाचण्यांत फायदा दिसला नव्हता. आपल्याकडची ६० हजार युनिटची कॅप्सूल आठवड्याला किंवा पंधरवड्याला, रक्त तपासून, एवढं पुरे. रोज मूठभर घेऊन कॅल्शियम वाढवून मूत्रपिंड बिघडवलेले लोक मी पाहिले आहेत. आणि ‘स्टेम सेल’च्या जाहिराती. रुग्णाची प्रतिकारयंत्रणा केमोथेरपीनं पुसून त्याच्याच मूळपेशींनी पुन्हा उभारतात, तो उपचार निवडक, औषधांना न जुमानणाऱ्या आजारात खरा आहे, जोखमीचा आहे, आणि तो बोन मॅरो युनिटमध्ये होतो. पाठीत चार सुया टोचून लाखो रुपये घेतात तो प्रकार निराळा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर चाचणीबाहेर तसं करताच येत नाही.

कागदाचं एक काम. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. आज तिला प्रमाणपत्राची गरज नाही आणि कदाचित कधीच लागणार नाही. पण पहिल्या एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट एका फायलीत ठेवा. पुण्यात एमएस सोसायटीची शाखा आहे. तिथल्या जुन्या रुग्णांशी तिनं एकदा बोलावं, तुमच्याशिवाय.

पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडी न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ॲक्वापोरिन आणि मॉग झालंय का, डागांत शीर दिसते का, हिपॅटायटिस बी आणि टीबी तपासला का. तिन्हींची उत्तरं मिळाली की सहा आठवड्यांच्या आत पहिली बाटली लागायला हरकत नाही. आणि तिला कधी न थांबणारी उचकी लागली होती का, ते आज रात्री जेवताना विचारून ठेवा.